ब्रायनाच्या वेणीचा टोप

ब्रायना बाई तोंडाने फटकळ आणि हाताने कसबी. जेरुसलेमच्या गेउला भागात, पिठाच्या गिरणीशेजारच्या तळघरात ती सव्वीस वर्षं केसांचे टोप विणत होती. लग्न झालेल्या बाईचा केस परक्याच्या नजरेला पडू नये, ही तिच्या कर्मठ ज्यू लोकांची रीत. कुणी रुमाल बांधतं, कुणी टोप घालतं, कुणी टोपावर वरून टोपी चढवतं. ब्रायना ही सगळी गिऱ्हाइकं सांभाळायची आणि सगळ्यांना सारख्याच शिव्या द्यायची. लाकडी डोक्यावर जाळी ताणायची, बारीक आकडीने एकेक केस ओढून गाठ मारायची. एका टोपाला तीन-चार महिने. डोळ्यांचं पाणी पाणी व्हायचं.

तिच्या जोडीला बेत सफाफा या अरब वस्तीतली नुहा. एकोणीस वर्षं दोघी समोरासमोर बसून गाठी मारत आल्या. नुहा मुसलमान, डोक्याला घट्ट रुमाल, कडेने टाचण्या. तिच्याकडे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. ब्रायनाला मुलगा नव्हता, पोरीच चार. नुहाने तोड काढली आणि थोरलीच्या नावाने तिला 'उम्म मिंदल', म्हणजे मिंदलची आई, करून टाकलं. ब्रायनाला ते पहिल्यांदा झोंबलं, मग अंगवळणी पडलं.

त्या साली शावुओतच्या सणानंतरच्या मंगळवारी मिंदलचं लग्न ठरलं होतं. मिंदलचा टोप तयार होता. सात महिने ब्रायनाने तो एकटीने विणला, नुहाला आकडीसुद्धा लावू दिली नाही. दाट, काळसर तपकिरी, खांद्याला टेकणारा.

लग्नाला बारा दिवस उरले आणि सकाळी सकाळी भिंतीभिंतीवर धर्मगुरूंच्या, रब्बींच्या, हुकमाचे काळ्या ठसठशीत अक्षरांचे कागद लागले. हिंदुस्थानातल्या बायका देवळात केस उतरवतात, तो मूर्तीला वाहिलेला नवस, ते केस बाजारात येतात, त्यांचे टोप आपल्या बायकांच्या डोक्यावर बसतात. असा टोप घालायचा नाही, विकायचा नाही, घरात ठेवायचा नाही. जाळायचा.

आठ वाजल्यापासून तळघरातला फोन बोंबलायला लागला.

"ब्रायना, माझा टोप कुठल्या देवाचा गं?"

"तुझा पोलंडच्या शेतकरणीचा. तिला देव हाय का न्हाय, मला काय ठावं?"

"तू शपथ घेशील?"

"बाई, माझ्या भट्टीत भाकरी करपायलीय, ठेव खाली."

भट्टीबिट्टी काही नव्हती. पण त्याच बाईने दुपारपर्यंत अकरा वेळा फोन केला, आणि अकराव्या वेळी ब्रायनाने फोन उशीखाली घातला. खरं सांगायचं तर तिलाही सगळं ठाऊक नव्हतं. तेल अवीवचा व्यापारी पेंढी द्यायचा, वर 'युरोप' लिहिलेलं असायचं. पेंढी काही बोलत नाही.

"तुमच्यात त्या केस देणाऱ्या बाईच्या मनात काय व्हतं तेवढंच बघत्यात का?" नुहाने दाताने दोरा तोडत विचारलं.

"तिच्या मनातलं बघत्यात. घालणारीच्या मनात काय हाय, त्ये कुणी इचारत न्हाय."

"आमच्यात उलटं. शेजारीण म्हणती, नियत नसंल तर रुमाल म्हंजी नुसतं फडकं. आन् माझ्या धाकट्या भणीची नियत सोन्यावाणी, पण रुमाल न्हाय, तर हीच शेजारीण तिला बघून तोंड फिरवती."

"तुझी नियत काय म्हणती?"

नुहा हसली. "रोज सकाळी बांधती. काही दिवस मनात अल्ला असतो. काही दिवस नुसत्या टाचण्या."

दुपारी विहीणबाई आल्या. गिटल लांडाऊ, अंगाने रुंद आणि आवाजाने त्याहून रुंद. खुर्चीवर न बसता त्या मिंदलच्या टोपाभोवती फिरल्या, जसं कुणी म्हशीभोवती फिरतं.

"केस काळे हायेत."

"बऱ्याच माणसांचे असत्यात, गिटल."

"हिंदुस्थानी दिसत्यात. ब्रायना, मी तुझ्यावर इस्वास ठेवीन, पण माझ्या सासरची माणसं कागद मागत्यात. रब्बींच्या सहीचा, ह्ये केस कुणाचे त्ये लिहिलेला. न्हायतर पुढल्या गुरुवारी कोपऱ्यावर जाळायचा, समद्या बायका जाळणार हायत. तूबी सगळ्यांसमोर टाक. पोरीच्या लग्नावर बोट नको."

त्या गेल्या. ब्रायना लाकडी डोक्यापुढे उभी राहिली. तिचं तोंड असं झालं होतं की नुहाने आकडी खाली ठेवली.

"उम्म मिंदल, केस कुणाचे हायत?"

"माझे."

ब्रायना एकोणीस वर्षांची असताना, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सासूने तिला स्टुलावर बसवलं आणि कात्री चालवली. घराण्याची रीतच होती. केस कान झाकतील इतकेसुद्धा उरले नाहीत. वेणी कचऱ्याच्या डब्यात गेली. सासू चहा करायला आत वळली तशी ब्रायनाने वेणी डब्यातून काढून पोटाशी कपड्यात लपवली. नंतर फडक्यात गुंडाळून, कापराच्या वड्या घालून, चादरींच्या तळाशी ठेवली. एकतीस वर्षं. नवऱ्याला, झेलिगला, वाटत होतं ती केव्हाच फेकली गेली.

"मग सांग की गिटलला!" नुहा म्हणाली. "इथं कुठला देव आला?"

"काय सांगू? नवऱ्यानं एक रात बघितलेले माझे केस आता पोरीच्या डोक्यावर भर बाजारात फिरणार, आसं? ती म्हणंल, मूर्तीचे परवडले."

रात्री तिने झेलिगला सांगितलं. तो पोरांना शाळेत शिकवायचा, घरी मात्र त्याला कुठलाच धडा आठवायचा नाही. त्याने दाढी चिमटीत धरली, पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "रब्बींना विचार."

"तुला काय वाटतं त्ये इचारलं मी."

"मला वाटतं, रब्बींना विचार."

दुसऱ्या दिवशी ती रब्बी येरुखम यांच्याकडे गेली. न्यायनिवाड्याची खोली, पुढे बायकांचा बाक. प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी, पिशवीत टोप. जणू सगळ्या आजारी मांजरं घेऊन डॉक्टरकडे आल्या होत्या. दोन तासांनी तिचा नंबर लागला. रब्बी म्हातारे, सभ्य, तिच्याकडे न बघता टेबलाकडे बघून बोलणारे. तिने सगळं सांगितलं.

"वेणी उचललीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

असा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, इथे काहीतरी निघेल.

"राग," ती म्हणाली. "सासूनं मला इचारलं न्हवतं. पानी प्यायलाबी सवड दिली न्हवती. देवाशी भांडण न्हवतं माझं. झाकायचं म्हंजी झाकायचं, मी कबूल व्हते. पण माझ्या हातानं कापले आसते मी."

"आणि आता मुलीसाठी?"

"तिचं डोकं झाकावं, एवढंच. आन्..." ती अडखळली. "आन् ते केस वाया जाऊ नयेत."

रब्बींनी मान डोलावली. "केसांत दोष नाही. मूर्तीचा संबंध नाही. शरीरापासून सुटलेला केस बाईचा उघडा केस नव्हे. मुलीच्या डोक्यावर चालेल."

"मग तसं लिहून द्या."

"काय लिहू? केस कुणाचे हे लिहिलं तर तुझ्या वेणीची चर्चा रस्त्यावर होईल. ते मर्यादेला धरून नाही. न लिहिलं तर तो दाखला कसला?"

"म्हंजी चालतो, पण घालता येत न्हाय?"

"लोकांच्या डोळ्यांचाही विचार करावा लागतो. बघणाऱ्याला वाटेल, हिने हिंदुस्थानी ठेवला."

"रब्बी, त्या हिंदुस्थानातल्या बाईच्या मनात काय व्हतं त्ये ठरवलं कुणी? तिला इचारलं का न्हाव्याला?"

रब्बींनी पहिल्यांदाच वर पाहिलं, आणि लगेच खाली. "ते कागदावर नाही," ते म्हणाले. "तू जे बरं ते कर."

बाहेर पडताना तिला इतका संताप आला की ती बस थांब्याच्या उलट बाजूला चालत गेली. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. हे 'हो' असं होतं की हातात धरावं तर बोटांतून गळून पडतं.

घरी मिंदल चादरींच्या घड्या घालत होती. ब्रायनाने टोप तिच्यापुढे ठेवला आणि केस कुणाचे ते एका दमात सांगून टाकलं. मिंदलने हात लावला, केस नाकाजवळ नेले. आईला ती 'मामे' म्हणायची.

"कापराचा वास येतोय, मामे."

"जाईल धुतल्यावर. घालणार का? घालायचा आसंल तर मी गिटलला तोंडावर सांगते. हूं दे काय व्हायचं त्ये."

मिंदलने टोप आईच्या मांडीवर ठेवला. "मला रुमाल आवडतो," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तू टोपवाली, म्हणून बोलले नाही. रुमालाला कुणी कागद मागत नाही."

"सात म्हैने! सात म्हैने मी डोळं फोडलं, आन् तुला रुमाल आवडतो?"

"तू विचारलंच नाहीस, मामे."

ब्रायना स्वयंपाकघरात गेली आणि बटाट्यांवर राग काढला. त्या दिवशी सालीसोबत अर्धा बटाटाही जात होता.

गुरुवारी कोपऱ्यावर, पंधरा दिवसांपूर्वीच्या शेकोट्यांच्या सणात पोरांनी पेटवलेल्या आगीचा काळा डाग अजून होता, तिथेच ढीग रचला. बायका टोप टाकत होत्या. कुणी रडत होतं, कुणी शूरपणाने टाकत होतं, एकीने टाकून परत ओढायचा प्रयत्न केला आणि बोटं भाजून घेतली. गिटल घोळक्यात पुढे उभ्या राहून बघत होत्या. ब्रायना पिशवी घेऊन आली आणि आतला टोप आगीत भिरकावला.

आगीने तो गिळला आणि काळाकुट्ट धूर सोडला. प्लास्टिकचा सणकून वास सुटला. तळघराच्या दारातल्या पुतळ्याला घातलेला नायलॉनचा टोप होता तो. माणसाचा केस असा जळत नाही, हे तिथल्या सगळ्याच बायकांना गेल्या अर्ध्या तासात कळून चुकलं होतं.

गिटलनी नाकाला रुमाल लावला. "ह्यो कसला वास?"

"तिकडची बाई डोक्याला काय काय चोपडती, कुणाला ठावं," ब्रायना म्हणाली. खोटं बोलल्याची तिची तिलाच चीड आली, आणि खोटं इतकं सोपं गेलं याची त्याहून जास्त.

गिटलनी तिच्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. समद्यांनी बघितलं."

लग्नाच्या दिवशी दुपारी नुहा तळघरात आली, येताना तीळ लावलेल्या पावाचं कडं घेऊन. ब्रायना लाकडी स्टुलावर बसून होती. तिचा नेहमीचा आखूड टोप बाजूला पडलेला, डोक्यावर पांढरे झालेले, बोटभर केस.

"घाल," ती म्हणाली.

नुहाने वेणीचा टोप उचलून तिच्या डोक्यावर ओढला. तो बसेना. माप मिंदलच्या डोक्याचं होतं.

"कानामागं करकचतोय, उम्म मिंदल. राहू दे, उसवून देते. चार दिवस लागतील."

"लगीन चार दिवसांनी हाय का? वढ."

नुहाने ओढला. मग त्यावर मोठा रेशमी रुमाल असा बांधला की कपाळापासून मानेपर्यंत एक केस दिसेना. आरशात नुसता रुमाल. खाली काय आहे ते दोघींनाच ठाऊक.

"ह्ये कुणासाठी गं?" नुहाने टाचणी ओठांत धरून विचारलं. "कुणी बघणार न्हाय, पोरगी घालणार न्हाय."

"तू टाचण्या लाव."

रात्री हॉलमध्ये बायकांच्या बाजूला मिंदल नाचली. उद्यापासून ती रुमाल बांधणार होती, आणि कात्री तिने आधीच मागून घेतली होती. आपले केस आपणच कापणार, असं तिने गिटलना गोड बोलून कबूल करवलं होतं. ब्रायनाला ते आजच, नवरीच्या आईच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. तिला आनंद झाला की राग आला हे तिला सांगता आलं नसतं, कारण तोवर तिच्या कानशिलांत घण पडत होते. घामाने जाळी चिकटली होती. कापराचा वास रुमालातून वर येत होता.

गिटल शेजारी येऊन बसल्या, खुर्ची करकरली. त्यांनी हवेत दोनदा नाक ओढलं. "ब्रायना, कपाळ पार लाल झालंय तुझं. ढिला कर की रुमाल जरा."

"ढिला न्हाय करत," ब्रायना म्हणाली. "मापात चूक झालीय. उद्या बघीन."

आणि दोन्ही तळहात कानांवर दाबून ती नाच संपेपर्यंत तशीच बसली.