एक दगड पोकळ होता

दगड भिंतीत बसला की मिस्त्री बोटाच्या पेराने तो वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. ठक् वाजला की पुढचा. ढब वाजला की थापी घालून सरळ उचकटायचे. "पोकळ हाय. पडंल कुनाच्या तरी डोक्यात."

रेवदंड्याच्या बाजूला मुंबईकरांच्या बंगल्यांना दर्शनी दगड लावायची कामं आम्ही घ्यायचो. मी सुपरवायझर, ते कारागीर. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला घाई म्हणजे काय ते ठाऊकच नाही. मला तर त्यांचा अस्सा राग यायचा!

शेवटच्या बंगल्याच्या मालकीणबाई मोबाइलवर पोलंडमधल्या एका नव्या घराचा फोटो घेऊन आल्या. समोरची अख्खी भिंत करड्या दगडाच्या पातळ पट्ट्यांची, मध्ये सिमेंटची रेघ म्हणून दिसत नाही. "डिट्टो असंच हवं," म्हणाल्या. मिस्त्रींनी फोटो मोठा करकरून पाहिला.

"ह्यो दगड तिकडलाच ना, बाई?"

"हो, तिथल्याच डोंगरातला."

"मंग त्यांनी त्यांचा लावला, आपन आपला लावू. खानीत काळा कातळ हाय की!"

बाईंना पटलं. मी कपाळाला हात लावला, कारण काळा दगड कापायला दुप्पट वेळ.

त्यात ते कोरडाच कापायचे. कापताना पाणी सोडलं तर धूळ उडत नाही, पण ओला दगड काळाभोर दिसतो. शेजारच्याशी रंग जुळवायला तो सुकेपर्यंत थांबावं लागतं. "वला दगड फसवतो, सायब," म्हणायचे. मी मास्क आणून दिला, तर त्यात त्यांनी खिळे ठेवले. संध्याकाळी भुवया पांढऱ्याफटक करून बाहेर आले की आम्ही ओरडायचो, "मिस्त्री, आज म्हातारे झालात!" तेही हसायचे, मग खोकायचे. पाणी सोडल्याशिवाय मशीनला हात लावू नका, हे दरडावून सांगणं माझं काम होतं. नाही सांगितलं. काम पुढे सरकत होतं ना!

भिंत वरपर्यंत आली तेव्हा त्यांना परांचीवर चढवेना. ते खाली अंगणात खुर्ची टाकून बसले आणि शेवटचा दगड मी बसवला. बाई नारळ घेऊन खोळंबल्या होत्या. मी दगड वाजवून खाली बघितलं. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली.

"ढब वाजतोय. काढा."

"अहो, दोन मजल्यांवरून तुम्हाला काय कपाळ ऐकू येतंय?"

"काढा, सायब. माजी शेवटची भिंत हाय."

"उद्या काढतो. झालं समाधान?"

नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी परांची उतरली आणि मी नव्या साइटवर गेलो.

दोन महिन्यांनी म्हसळ्याजवळ त्यांच्या गावी गेलो. छातीत दगडाची धूळ बसली आहे, ती आता निघायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पडवीत उशांना टेकून बसले होते. दोन शब्दांमागे एक श्वास. त्यांच्या बायकोने, काकींनी, चहा आणून ठेवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"त्यो दगड... काढलात ना?"

"काढला. पुन्हा बसवला."

"वाजवलात?"

"वाजवला. ठक् वाजतो."

"मंग बरं झालं," म्हणाले आणि चहा प्यायले.

आठ दिवसांनी काकींचा फोन आला. मिस्त्री गेले.

बाराव्याला जाऊन आलो आणि दुसऱ्या सकाळी शिडी घेऊन बंगल्यावर पोचलो. वॉचमन विचारत होता, "काय सायब, गळतंय का?" छिन्नी लावली, एका ठोक्यात दगड हातात आला. मागे मसाला अर्धाच. माझ्याच हातचा. खोटं बोललो मी त्यांच्याशी, मरणाऱ्या माणसाशी! शिडीवरच मला रडू फुटलं. वॉचमन बिचारा शिडी घट्ट धरून उभा राहिला.

मग मागचं सगळं खरवडलं, मसाला गच्च भरला आणि तोच दगड पुन्हा दाबून बसवला. बोटाच्या पेराने वाजवला. ठक्.

आणि खाली अंगणात बघितलं, मान हलते का म्हणून.