चालकाचा ताबा

पडदा वर जातो. रंगमंचावर एक लांबट खोली, भिंतीला शाईचे डाग, मधोमध टेबल, आणि टेबलाशी एक किडकिडीत माणूस. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, उजवा हात लिहितोय, डाव्या हातात चहा. पलीकडून पोलीस ठाण्यातला हवालदार बोलतोय, आणि त्याचं सांगणं संपायच्या आत ह्याची बातमी तयार. वर्तमानपत्राच्या त्या कचेरीत सगळे त्याला चटपटराव म्हणत.

मी जन्मभर पाठ केलेली वाक्यं बोलून पोट भरलं, म्हणून ह्या माणसाबद्दल मला फार माया. त्याचंही एक वाक्य पाठ होतं. गाडी झाडावर जावो, ओढ्यात जावो, नाहीतर कुणाच्या दुकानात शिरो, बातमीत यायचं तेच: "चालकाचा ताबा सुटल्याने." नटाला झोपेतून उठवलं तरी भाषण येतं, तसं.

एका दुपारी आमची नाटक मंडळीची बसही त्या वाक्यात सापडली. ती चालवणारे आम्हा सगळ्यांचे मामा. ब्रेकचं रडगाणं त्यांनी मंडळीच्या मालकांपुढे किती वेळा गायलं असेल, पण मालकांचं एकच, "एवढा दौरा उरकू द्या." शेवटी बाजाराच्या उतारावर ब्रेकनं मान टाकली. मी मामांच्या मागच्याच बाकावर होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. हॉर्न दाबून धरला, गिअर खाली आणत बस भाजीवाल्यांपासून बाजूला ओढली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घुसवली. मागून मुखवटे, तलवारी, सिंहासन, सगळं राज्य आमच्या अंगावर आलं. आमच्या राजाचा हात मोडला. बाकी सगळे धडधाकट.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं: "चालकाचा ताबा सुटल्याने नाटक मंडळीची बस वाळूत." मालकांना आयतंच कोलीत मिळालं. तेच कात्रण नाचवून त्यांनी मामांना घरी बसवलं. दुसरा कुणी गाडी देईना. चहाच्या टपरीवरसुद्धा, "मामा, कप जपून. ताबा सुटेल."

मामा मला साक्षीला घेऊन कचेरीत गेले. कात्रण टेबलावर ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

चटपटरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "हो. का, काही चुकलं? वाळूच होती ना?"

"वाळू बरोबर आहे. ताबा कुणाचा सुटला?"

"अहो, तशी लिहायची पद्धतच आहे."

"बस मालकाची, ब्रेक बसचा, आणि सुटला तो माझा? तुमच्या पेपरात ड्रायव्हर सोडून दुसऱ्या कुणाचं काही सुटतच नाही का?"

खोलीतल्या बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी विचारलं, "ठाण्यातून तुम्हाला सांगितलं तरी काय होतं?"

"बस वाळूत गेली, एक जखमी." चटपटरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "एवढंच."

"मग बाकीचं?"

"हात लिहून गेला, बाई."

त्यांनी खुलासा लिहून दिला. संपादकांनी त्याला कात्री लावली. आतल्या पानावर, कोपऱ्यात, एक ओळ उरली: "ब्रेक निकामी झाल्याचे चालकाचे म्हणणे आहे."

मामांनी ती वाचली आणि हसले. "म्हणजे ब्रेकसुद्धा माझ्या म्हणण्यापुरताच निकामी."

ते हसणं चटपटरावांना लागलं. त्यांनी रजा टाकली आणि आम्हा दोघांना घेऊन गाड्यांच्या मालकांचे उंबरे झिजवायला लागले. प्रत्येक ठिकाणी तेच बोलायचं, "मी न विचारता लिहिलं." दर वेळी त्यांचे कान लाल होत. पहिल्याच प्रवेशात वाक्य विसरलेला नवखा नट मी पुष्कळदा पाहिलाय. तोही इतका ओशाळत नाही. एक मालक तर तोंडावर म्हणाले, "काल ते खरं होतं, आज हे खरं. उद्या काय छापणार आहात, ते आत्ताच सांगून ठेवा."

शेवटी एक बाई भेटल्या. त्यांच्या बसगाड्या कारखान्याच्या कामगारांची ने-आण करत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ठेवते मी ह्यांना. पण पहिल्या फेरीला तुम्ही पुढच्या सीटवर बसायचं. एवढी खात्री देताय ना?"

"बसतो की," चटपटराव म्हणाले.

आणि बसले. मी त्यांच्या मागे. गाडी नवी, ब्रेक कडक, मामांचा शर्ट इस्त्रीचा. चटपटराव रस्ताभर गप्पा मारत होते. मामांचं कसं सगळं मार्गी लागलं, बाई कशा दिलदार. मग बाजाराचा तोच उतार आला आणि गप्पा तुटल्या. मी पाहिलं तर गड्यानं समोरचा दांडा दोन्ही हातांनी आवळून धरलेला, आणि उजवा पाय जमिनीवर असा दाबलेला की जणू तिथंच ब्रेक आहे.

मामांनी तिरक्या डोळ्यानं बघितलं.

"साहेब, दांडा सोडा. उपटून आला तर तोही माझ्याच नावावर छापाल."

मागचे कामगार खो खो हसले. चटपटरावांनी दांडा सोडला. हात कुठे ठेवावे ते कळेना, तसे गुडघ्यांच्या मध्ये दडवले. उतारभर त्यांनी मान वर केली नाही. बस खाली येऊन अलगद थांबली, माणसं उतरली, तरी हे जागचे हलले नाहीत. मग समोरच्या काचेकडे बघत, अगदी हळू म्हणाले,

"मीच लिहिलं होतं, मामा. आणि बघा, ते अजून खरंही मलाच वाटतंय."