दीड इंचाचा दावा

माझ्या मामेसासऱ्यांइतका भिंतींवर जीव असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. माणसाशी बोलतानाही त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या प्लास्टरवर असायची. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी आमच्या घरी आली. बाकीच्यांनी माझं शिक्षण, शाळेतली नोकरी, आईचा स्वभाव अशी रीतसर विचारपूस केली. मामांनी काळ्या कोटाच्या खिशातून काचेची एक गोटी काढली आणि आमच्या बैठकीत मधोमध जमिनीवर ठेवली. गोटी क्षणभर थांबली, मग निवांत घरंगळत जाऊन देवघराच्या उंबऱ्याला टेकली. सगळी बैठक श्वास रोखून बघत होती. "उतार उलटा हाय," मामा म्हणाले, "मोरीकडं पायजे होता. पण पोरगं चांगलं हाय." गोटीचा आणि माझा संबंध काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी स्वतः उभं राहून आमच्या बैठकीची फरशी उखडायला लावली. हा त्यांचा आहेर, असं मी आजतागायत समजतो.

मामा वकील होते. त्यांचे वडील निजामाच्या काळात पैठणला उर्दूतून वकिली करायचे. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाची भाषा बदलली, पण मामांच्या घरातली बदलली नाही. दावा करणारा तो मुद्दई आणि ज्याच्यावर दावा तो मुद्दालेह, हे तिथं लहान पोरांनाही ठाऊक होतं. भाजी खारट झाली की मामा मुद्दई आणि मामी मुद्दालेह व्हायच्या. औरंगाबादला आल्यावर मामांनी ठरवून टाकलं की बांधकामाच्या भांडणांखेरीज दुसरं काही घ्यायचं नाही. फौजदारी नको, वाटण्या नकोत, नवरा-बायकोची ताटातूट तर मुळीच नको. शहर तेव्हा चहूकडं वाढत होतं. सिडकोत घरांच्या रांगा उठत होत्या आणि जिथं चार विटा रचल्या जात तिथं बांधणारा आणि बांधून घेणारा एकमेकांच्या उरावर बसलेले असत. मामांना भांडणांचा तुटवडा कधीच पडला नाही. पण ते बहुतेक भांडणं कोर्टाबाहेरच मिटवून टाकायचे. बाररूममधली मंडळी त्यांना चिडवायची की यांचे अशील कोर्टाचं दार बघायच्या आतच घरी जातात. मामींची तक्रार निराळी होती. तो काळा कोट गच्चीत झटकला की सिमेंटचा ढग उठायचा. "तुमचे मामा वकील हायेत का गवंडी," त्या मला म्हणायच्या, "हे मला तीस वर्षांत कळलं नाय."

भांडण मिटवायची त्यांची एक ठरलेली रीत होती आणि तिच्यापायी माझे कित्येक रविवार खर्ची पडले. मी गणित शिकवतो म्हणून माप वाचायचं काम माझ्याकडं. जागेवर पोचलं की मामा कुणालाही तोंड उघडू द्यायचे नाहीत. खिशातून लांब टेप काढायची, एक टोक घरमालकाच्या हातात, दुसरं टोक ठेकेदाराच्या हातात. मग खोल्या, भिंती, खिडक्या, सगळं दोघांनी मिळून मोजायचं. आकडा मी मोठ्यानं वाचायचा आणि दोघांनीही तो पुन्हा म्हणायचा. यात कायदा कुठं आहे, असं मी एकदा विचारलं. "जावईबापू," मामा म्हणाले, "टेप धरलेल्या माणसाला हातवारे करता येत नाहीत. हातवारे थांबले की निम्मं भांडण तिथंच बसतं." मोजून झालं की तिथंच सावलीला बसून सगळ्यांनी भाकरी खायची. मग मामा एका कागदावर साध्या मराठीत कुणी काय करायचं ते लिहायचे आणि वाचून दाखवायचे. कागद एकच, आणि तो पाठपोट कधी लिहायचा नाही, हा त्यांचा नियम. दुसऱ्या बाजूला गेलं की माणसं पुन्हा भांडायला लागतात, असं त्यांचं मत होतं.

करमाडचं प्रकरण तर मी जन्मात विसरणार नाही. एका पाटलांच्या घराचा स्लॅब गळत होता. पाटील आणि ठेकेदार दोन वर्षं एकमेकांशी फक्त नोटिशींतून बोलत होते. मामांनी गच्चीतल्या पाणी जायच्या वाटा बुजवून वर पाणी तुंबवलं आणि खाली खोलीत दोघांना शेजारीशेजारी खुर्च्यांवर बसवलं. माना वर करून, पाणी टपकायची वाट बघत. ठेकेदार म्हणत होता गळणारच नाही, पाटील म्हणत होते जिन्याच्या बाजूनं गळणार. दुपार कलताना पहिला थेंब पडला तो भलत्याच कोपऱ्यात. वर जाऊन बघतो तर तिथं गुढीचा बांबू पक्का बसावा म्हणून कुणीतरी स्लॅबला पहारीनं भोक पाडलं होतं. पाटलांनी बराच वेळ त्या भोकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. ते आमीच पाडलं. ध्यानातच नव्हतं." ठेकेदार एवढा खूश झाला की ते भोक त्यानं आपल्याच हातानं बुजवून दिलं. एसटीत परतताना मामांनी मला त्यांच्या वकिलीचं सार सांगितलं. "घर बांधून झाल्यावर मालक जे करतो, ते त्याच्या ध्यानात राहत नाय. गवंड्याचं केलेलं मात्र सगळं राहतं. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाय, पण निम्म्या केसेस यातच हायेत."

आता सांगायची गोष्ट अशी, की जगाची भांडणं मिटवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं एक भांडण अकरा वर्षं तसंच पडून होतं. क्रांती चौकाजवळच्या गल्लीत त्यांचं घर. खाली राहायचं, वर ऑफिस. ते बांधलं होतं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे मामांचे पैठणचे बालमित्र, दोघं एकत्र गोदावरीत पोहायला शिकलेले. शहरातले निम्मे गवंडी उस्तादांच्या हाताखाली तयार झाले. असं असून त्या घराच्या जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच होती. वर येणारा प्रत्येक माणूस नेमका तिथं अडखळायचा, त्यामुळं मामांच्या ऑफिसात अशील नेहमी वाकूनच प्रवेश करायचे. वास्तुशांतीच्या दिवशी पहिले पाहुणे तिथं ठेचकाळले आणि मामांच्या तोंडून चारचौघांत निघून गेलं, "उस्तादचा हात गेला." उस्ताद तेव्हा जेवायला म्हणून जिना चढत होते. ते निम्म्या जिन्यातूनच मागं फिरले. त्यांचं पान वाढलेलं तसंच राहिलं. त्यानंतर उस्तादांनी कुणाच्याच जिन्याचं काम घेतलं नाही.

मामा त्यांचं नाव काढायचे नाहीत, पण कुठंही चांगला गिलावा दिसला की त्यावर हात फिरवत उभे राहायचे. मामी मला सांगायच्या, "यांना भांडायला सगळं गाव हाय, हसायला एक उस्ताद होता."

मग मामींचे गुडघे दुखायला लागले. वर चहा नेताना त्या दोनदा पडता पडता वाचल्या, तेव्हा पायरी दुरुस्त करायची असं ठरलं. पहिला गवंडी आला, खाली बसून पायरी निरखली, जिना कुणी बांधला ते विचारलं आणि नाव ऐकताच हत्यारं पिशवीत टाकली. "उस्तादच्या कामावर आपुन छिन्नी नाय चालवायचो. त्यांनी सांगितलं तर बघू." दुसरा आला, तोही तसाच गेला. तिसऱ्यानं तर चप्पल बाहेर काढून जिना पाहिला. दोन दिवसांनी मामा मला म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच जा. मला जमायचं नाय."

मी उस्तादांकडं गेलो. मेहंदी लावलेली दाढी, हाताची बोटं चुन्यानं खाल्लेली. मामींच्या गुडघ्यांचं ऐकून ते हळहळले, मग ताठ झाले. "आता हूँ मैं. पन वकीलसाब का कायदा वकीलसाबकू बी. एक टोक वो पकडेंगे, एक टोक मैं. सबकू करते ना, खुदकू बी करो."

रविवारी उस्ताद आले. मामा जिन्याखाली उभे होते. दोघांनी एकमेकांकडं न बघता टेपची टोकं धरली. मी आकडे वाचायला लागलो. आज आकडा उस्तादांच्या विरुद्ध गेला तर ते दोघं पुन्हा कधीच समोरासमोर येणार नाहीत, अशी मला धास्ती होती. साडेसहा, मी वाचलं. "साडेसहा," मामा म्हणाले. "साडेछे," उस्ताद म्हणाले. पायऱ्यांमागून पायऱ्या, सगळ्या साडेसहा. शेवटची आठ. मामांनी मान खाली घातली. या आकड्यानं त्यांना मुळीच आनंद झालेला दिसला नाही.

उस्ताद मात्र पायरीकडं बघतच नव्हते. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते वरच्या पायरीपर्यंत पोचले होते आणि ऑफिसच्या दाराकडं पाहत होते. खाली वाकून त्यांनी दाराच्या तळच्या पट्टीवर बोटं टेकवली. "दरवाजा नीचे से किसने काटा? मैं लगाया तब वरची पट्टी अन् खालची पट्टी एकसारखी थी."

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खालची पट्टी खरोखरच दीड इंच अरुंद होती. मामा ते दार रोज उघडत होते. त्यांनी दाराकडं पाहिलं, फरशीकडं पाहिलं आणि टेप हातात धरूनच जिन्यावर मटकन बसले. वास्तुशांतीला मोठमोठे वकील येणार म्हणून, उस्ताद काम संपवून गावी गेले असताना, मामांनी ऑफिसच्या साध्या फरशीवर दुसरी गुळगुळीत फरशी घालून घेतली होती आणि तिच्यामुळंच शेवटची पायरी दीड इंच वाढली होती. दार अडायला लागलं म्हणून सुताराकडून खालून कापूनही घेतलं होतं.

"ते मीच केलं," मामा म्हणाले. "ध्यानातच नव्हतं. उस्ताद, हात तुझा नाय गेला. माझी अक्कल गेली होती."

मामांनी नेहमीसारखा एक कागद घेतला आणि मोठ्यानं वाचून दाखवला: मुद्दालेह निर्दोष. मुद्दईनं वरची फरशी काढून घ्यावी. चारचौघांत बोललेलं चारचौघांत मागं घ्यावं. वास्तुशांतीचं राहिलेलं जेवण मुद्दालेहास आजच वाढावं. मामी ऐकता ऐकताच पुरण शिजवायला उठल्या. उस्तादांनी सही केली, टेप गुंडाळून मामांच्या खिशात घातली आणि मग त्या दोघांना जे हसू सुटलं ते पान वाढेपर्यंत थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये मामांनी उभं राहून स्वतःची केस सगळ्यांना सांगितली. पुढच्या आठवड्यात उस्तादांनी दोन नवे जिने घेतले.

फरशी निघाली, पायरी बरोबर झाली. पण अकरा वर्षांची सवय कुठं जाणार? आम्ही सगळे शेवटच्या पायरीला पाय उगीच उंच उचलायचो आणि तो धपकन खाली आपटायचा. मामांचाही आपटायचा, शेवटपर्यंत. आवाज झाला की ते आत कुणी बसलेलं असो वा नसो, "माफी असावी, उस्ताद," असं म्हणूनच खुर्चीत बसायचे.

मामा गेल्यावर महिन्याभरानं त्यांचं ऑफिस आवरायला मी आणि उस्ताद वर गेलो. उस्ताद पुढं होते. ते अडखळले नाहीत, त्यांचा पाय उंचही गेला नाही. त्यांच्यासाठी ती पायरी पहिल्यापासून सरळच होती. माझा पाय मात्र सवयीनं वर गेला आणि आपटला. तो आवाज झाला आणि आम्ही दोघंही थांबलो. पुढचं वाक्य बोलायला कुणी नव्हतं. उस्तादांनी माझा कोपर धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग त्या बंद दाराकडं बघून हळूच म्हणाले, "माफी है, वकीलसाब."