हसीनाबीनं हलवलेला मुक्काम

हसीनाबी आमच्या गावची मण्यारीण. देगलूरच्या अंगाला पाच-सात गावं तिची. डोक्यावर बांगड्यांची पेटी, तोंडात तंबाखू आन् जिभेला हाड न्हाई. पाटलिणीचा हात असो की मोलकरणीचा, तिच्या मुठीत आला की सारखाच. "ढिला सोड गं! बांगडी भरून राहिले, जीव न्हाई काढून राहिले," असं ती कुणालाबी दटावायची. रिवाजच तसा होता. एका हातात चुडा आन् दुसरा मोकळा, असं कुण्या सवाष्णीला उठता येत नव्हतं. त्यामुळं दोन्ही हात भरेपर्यंत हसीनाबी सांगंल ते ऐकावंच लागे.

निजामाच्या राज्यात नवी जिल्हाबंदी झाली, म्हंजी मुलूख जिल्ह्यांत वाटला, त्या सालची ही गोष्ट. नांदेडला अव्वल तालुकदार आला. आताचा कलेक्टर म्हणा, पण रुबाब राजाचा. पावसानं दोन सालं तोंड दाखवलं नव्हतं आन् हुजूर दौऱ्यावर निघाले. संगं बेगम, चाळीस घोडी, उंट आन् एक हत्ती.

तंबू कुठं ठोकायचा हे बघायला पेशकार, म्हंजी हुजुरांचा कारकून, पुढं आला. शेजारच्या दोन गावांचे आन् आमचे, असे तीन देशमुख पागोटी बांधून तयारच होते. हुजुरांच्या बैठकीत मांडीला मांडी लावून बसायचं, त्यांच्या हातचं पान खायचं, एवढ्यासाठी तिघांत चुरस. पेशकारानं इचारलं, "पाणी कसंय?"

आमचे शेषेराव देशमुख छाती काढून म्हणाले, "हत्ती डुंबंल एवढं!"

गावात एकच बारव, उताराची मोठी विहीर, जिवंत होती. तिच्या तळाला कंबरभर पाणी.

मुक्काम आठ दिसांचा ठरला. पहिल्याच दिशी हत्ती उतारानं बारवेत घातला आन् तो खरंच डुंबला. सांजपर्यंत पाणी गुडघ्यावर आलं. शेषेराव बैठकीतून पान खाऊन आले, तर घरी बायकोनं, सरजाबाईनं, रिकामी घागर पुढं आदळली. "आता पानाचीच पिंक प्या!"

दुसऱ्या दिशी सकाळीच शेषेराव हसीनाबीच्या दारात. "बेगमेनं तुला बांगड्या भराया बोलवलंय म्हनं. जरा कानावर घाल."

"काय घालू मालक? देशमुख खोटं बोलले म्हणू?"

"अगं नगं! चाबूक खाऊ घालतीस काय मला?"

"म्हंजी पाणी हाय बी म्हणायचं आन् न्हाई बी म्हणायचं. असली बांगडी मी अजून भरली न्हाई."

हसली खरी, पण घोर तिलाबी होता. शेजारच्या दोन वाड्या उन्हाळ्यातच उठून गेल्या होत्या. बारव आटली की आपलं गाव उठणार, आन् गाव उठलं तर बांगड्या काय बाभळीला भरायच्या?

तंबूत बेगम लोडाला टेकून बसलेली. हसीनाबीनं उजव्या हातात बारा बांगड्या सरसर चढवल्या. डावा हात घेतला आन् थांबली. "बेगमसाब, हात सख्त है. पानी मंगाओ. छान्या हुआ नक्को, बारव का सीधा मंगाओ. गाळलेल्या पाण्यानं कांच सरकती नई."

हे साफ खोटं. कांचेला कसलंबी पाणी चालतं. पण बेगमेला काय ठाव? चांदीच्या लोट्यात पाणी आलं. तळाला चार बोटं गाळ, वर शेवाळ, आन् मधी एक बेडकी डोळे वटारून बसलेली.

"या अल्ला! ये क्या है?"

"बारव का पानी, बेगमसाब."

"देशमुखने तो कहा था, बहोत पानी है!"

"झूट नई बोले. हत्ती डुंबंल बोले, हत्ती डुंब्या. अब हत्ती डुंब्या सो पानी ऐसाच रहता."

"और हम क्या पी रहे हैं?"

"येच. कपडे से छान के."

बेगमेनं असा हात ओढला की हसीनाबीच्या हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. डावा हात तसाच मोकळा ठेवून ती तरातरा हुजुरांच्या डेऱ्यात गेली. आत काय झालं ते कुणाला कळलं न्हाई. दुपारच्या आत तंबूच्या मेखा उपटल्या.

हसीनाबी मातर घाबरली. तिनं भरलेला एकच हात घेऊन बाई गाव सोडणार, हा अपशकुन कुणाच्या माथी? पेटी उचलून ती बेगमेच्या रथामागं पळत सुटली. पडद्यातून बाहेर आलेला गोरा हात धरून, बैलांच्या चालीनं चालत, कोसभर ती बांगड्या भरत गेली. शेवटची चढली तशी पडद्यातून आवाज आला, "नांदेड चल. हवेली में रखूँगी तुझे."

"नक्को बेगमसाब. तिथं एक जोडी हात. माझ्या गावात शंभर हैत."

ती परतली तवा बारवेत सारं गाव उतरलं होतं. गाळाच्या टोपल्या हातोहात वर येत होत्या आन् सगळ्यात खाली, धोतर खोचून, शेषेराव. तिला बघून त्यांचं तोंड वाकडं झालं. "आज हुजूर मला शाल देणार होते, ठाव हाय का?"

"हाव मालक," हसीनाबी पेटी खाली ठेवत म्हणाली, "या उन्हात शाल लई कामी आली असती." आन् तिनं टोपलीला हात लावला.

तिसऱ्या दिशी झरा फुटला. करंगळीएवढाच, पण गाव उठलं न्हाई.