कन्नड न येणारी मिस

खोबरेल तेल, ओल्या पाटीवरची पेन्सिलीची भुकटी आणि शेजारच्या कुठल्याशा घरातून येणारा कॉफीच्या बिया भाजल्याचा खरपूस दर्प या तिन्हींच्या मिसळणीतून जो वास तयार होतो, त्याला कुठल्याच भाषेत नाव नाही. पण तो अवचित कुठून आला, की माझं काळीज अजूनही टुणकन उडी मारतं, आणि मी पुन्हा बावीस वर्षांची होऊन राजाजीनगरातल्या एका बैठ्या घराच्या व्हरांड्यात उभी असते.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगळूरला आले, तेव्हा आईनं पहिल्याच पत्रात ‘परमुलखात जपून राहा’ असं लिहिलं होतं. मला मात्र जपून राहण्याची मुळीच इच्छा नव्हती. यजमान सकाळी सायकलवर टांग टाकून यंत्रांच्या कारखान्यात गेले, की समोर पसरलेला तो निळसर, थंड, अनोळखी दिवस मला हाका मारू लागे. राजाजीनगर तेव्हा नुकतं वसत होतं; अर्धी घरं चुन्यानं पांढरीशुभ्र, अर्धी अजून विटांची लाल, आणि मधल्या रिकाम्या जागांत गुरं चरत असत. अशाच एका घरात तीन खोल्यांची इंग्रजी शाळा होती. बी.ए.चं प्रमाणपत्र पिशवीत घालून मी एक दिवस सरळ तिथं जाऊन उभी राहिले.

मुख्याध्यापिका रुक्मिणम्मा उंच, शेलाट्या, नेहमी पांढऱ्या पातळात असत. पातळ पाचवारी असलं तरी शिस्त नऊवारीच होती. मुलं त्यांना ‘दोड्ड मिस’, म्हणजे मोठ्या बाई, म्हणत. त्यांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि इंग्रजीत एकच प्रश्न विचारला.

“कन्नड येतं?”

“नाही,” मी ओशाळून म्हटलं.

“उत्तम. मग उद्यापासून या. कन्नड येणाऱ्या शिक्षिका दोन दिवसांत मुलांशी कन्नड बोलू लागतात. तुमच्याकडून तो धोका नाही. शाळेत कन्नडचा एक शब्दही काढायचा नाही, माझी एवढीच अट.”

घरी येताना मी चालत नव्हते, जवळजवळ धावत होते. जे येत नाही त्याच्या बळावर नोकरी मिळालेली मी जगातली एकटीच असेन, असं वाटून वाटेत एकटीच हसत सुटले.

वर्गात सहा वर्षांची अठरा मुलं होती. त्यांच्या लेखी मराठी बोलणारी सगळी माणसं मुंबईची, म्हणून मी ‘बॉम्बे मिस’ झाले. पहिल्या दिवशी मी त्यांना अंगणातल्या होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली नेलं आणि झाडाकडे बोट दाखवलं. अठरा मुलं एका सुरात, हर्षभरानं ओरडली, “मर! मर!” साताऱ्याच्या माझ्या कानांना त्या आशीर्वादाचा अर्थ लागेपर्यंत मी दोन पावलं मागे सरकले होते. ‘मर’ म्हणजे झाड. मीही खोडावर थाप मारून तितक्याच जोरानं ‘ट्री’ म्हणून ओरडले, आणि आमचा संसार सुरू झाला.

काय ते दिवस होते! मी उड्या मारून ‘जंप’ शिकवला, जमिनीवर आडवी होऊन ‘स्लीप’ शिकवला, पावसाळ्यात सगळ्यांना एकाच छत्रीखाली कोंबून ‘अंब्रेला’ शिकवला. तो शब्द त्यांना इतका गोड लागला, की पुढं आठवडाभर कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ‘अंब्रेला’च येई. रोज संध्याकाळी माझा घसा बसलेला, पातळ खडूनं माखलेलं, आणि मन असं काठोकाठ भरलेलं, की यजमानांना सांगताना वाक्यं एकमेकांवर आदळत. आणि नकळत, शिकवता शिकवता, मुलांच्या तोंडचे शब्द माझ्याही कानांत साठत गेले. शेजारच्या अक्का, ज्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी या बाजूला येऊन इथलेच होऊन गेले होते, त्या आपल्या कन्नड मिसळलेल्या मराठीत मला धीर देत. “स्वल्प चुकलं तर काय होतंय गं? बोलत जा. सरी होतं सगळं.” ‘सरी’ म्हणजे ठीक. पण शाळेच्या फाटकाशी मी ते सारे शब्द गिळून आत पाऊल टाकत असे.

त्या अठरांत शारदा नावाची मुलगी होती. टपोऱ्या डोळ्यांची, दोन घट्ट वेण्यांची, आणि पूर्ण मुकी. निदान माझ्या वर्गात. तिच्या पाटीवरची अक्षरं मोत्यांसारखी होती. ती सगळं ऐके, सगळं समजे, पण विचारलं की ओठ घट्ट मिटून घेई. मी गोड बोलून पाहिलं, खेळवून पाहिलं, एकदा, आजही लाज वाटते, रागावूनही पाहिलं. गिरणीत काम करणारे तिचे वडील दसऱ्याच्या सुमारास शाळेत आले. दोड्ड मिसनी त्यांचं म्हणणं मला इंग्रजीत सांगितलं: घरी अखंड बडबडणारी मुलगी शाळेत जाऊ लागल्यापासून घरातही गप्प गप्प झाली आहे. संक्रांतीपर्यंत पाहू, नाहीतर तिला आनेकलला आजीकडे पाठवू, तिथल्या शाळेत घालू. जाताना त्या माणसानं मला हात जोडले. दोष देणारे ते हात नव्हते, आणि म्हणूनच ते मला सहन झाले नाहीत.

मार्गशीर्षातलं ऊन बंगळूरला मधासारखं संथ उतरतं. सगळीकडे ओल्या अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा तो दाट, तेलकट सुगंध सुटलेला असतो. अशाच एका दुपारी मुलं व्हरांड्यात डबे खात बसली होती आणि शारदाला एकाएकी ठसका लागला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, श्वास वरच्या वर अडकलेला. मी पाण्याचा पेला घेऊन धावले, तिची पाठ चोळू लागले, आणि त्या घाबरेपणात नियम, नोकरी, सारं विसरून माझ्या तोंडून कन्नड निघालं, “नीरु बेक्का? शारदा, नीरु बेक्का?”

शारदानं दोन घोट घेतले, श्वास सावरला, ओले डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांचे कोपरे थरथरले, आणि ती हसली. आधी हळू, मग पोट धरून, वेण्या उडवत.

“बेक्का अल्ला, मिस! बेका! बेका! बेक्कु म्यांव म्यांव!”

‘अल्ला’ म्हणजे नव्हे; हवं का, यासाठी ‘बेका’. आणि ‘बेक्कु’ म्हणजे मांजर. गुदमरणाऱ्या लेकराला मी पाणी आणि मांजर असं काहीतरी एका दमात विचारत होते! सगळा व्हरांडा हसण्यानं फुटला, मीही फरशीवर बसकण मारली. माझी हनुवटी धरून शारदा मला शिकवू लागली, “बेका,” आणि मी चुकले की मान हलवून पुन्हा, “बेका.” मग मी हलकेच म्हटलं, “बेक्कु... कॅट.”

“कॅट,” शारदा म्हणाली. तिचा पहिला इंग्रजी शब्द. त्यामागोमाग, बांध फुटावा तसे, महिनोन्‌महिने मनात साठवलेले सगळे शब्द: ट्री, जंप, स्लीप, अर्थातच अंब्रेला.

मी डोळे पुसून वर पाहिलं, तर दारात दोड्ड मिस उभ्या होत्या.

त्यांनी मला खोलीत बोलावलं. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते, आणि आश्चर्य असं की आनंद काही केल्या ओसरत नव्हता. “मी नियम मोडला,” मी म्हटलं. “कन्नड बोलले.”

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाल्या, “मी सगळं ऐकलं. तुम्ही जे बोलत होतात ते कन्नड नव्हतंच. तेव्हा नियम मोडला असं मला म्हणता येत नाही.” आणि मी दाराशी पोचल्यावर मागून, “असंच बोलत जा. फक्त फार सुधारू नका.”

शारदा आनेकलला गेली नाही. संक्रांतीला तिच्या वडिलांनी एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ, गूळ, खोबऱ्याचा पुडा माझ्या हातात दिला आणि लाजत एकच इंग्रजी शब्द उच्चारला, “टॉकिंग.” त्या एका शब्दात त्यांचं घर पुन्हा बोलू लागलेलं मला ऐकू आलं.

वर्ष संपलं त्या दिवशी मुलं एकेक करून निरोप घेऊन गेली. शारदा शेवटची थांबली होती. तिनं माझा पदर ओढला आणि नीट जुळवून जुळवून विचारलं, “मिस, हू इज युवर मिस?”

मी हसून साताऱ्याच्या शाळेतल्या माझ्या इंग्रजीच्या बाईंचं नाव सांगितलं. तिनं ते दोनदा घोळवलं, “सरी, मिस,” म्हणाली आणि वडिलांकडे पळत गेली. सायकलच्या दांडीवर बसून ती वळणाआड दिसेनाशी झाली, तरी मी फाटकाशी उभीच होते. हनुवटी धरून मला ‘बेका’ शिकवणाऱ्या मिसचं नाव मी घेतलंच नव्हतं; उत्तर चुकलं आहे एवढं लख्ख कळत होतं. आणि त्या दिवशी प्रथमच, ते चुकलंय असं मला सांगायला समोर कुणी नव्हतं.