नाकेबंदीसाठी मागितलेली प्रार्थना

आळीतल्या कुठल्याही कमिटीवर माणूस निवडायचा असला की इग्नेशियस घरून झाकणाला फट पाडलेला बिस्किटांचा डबा आणतो. हात वर करून केलेलं मतदान त्याला चालत नाही. आणीबाणीत, कॉलेजात असताना, पत्रकं वाटली म्हणून तो अकरा दिवस ठाण्याच्या तुरुंगात होता. आता सत्तरी आली, तरी हुकूमशाही म्हटलं की त्याचे कान लाल होतात.

२०२३च्या जुलैअखेरीस आफ्रिकेतल्या नायजरमध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्षांना कोंडून सत्ता बळकावली. इग्नेशियसची मुलगी प्रिस्का तिथेच, राजधानीतल्या मिशनच्या दवाखान्यात, धर्मभगिनी आणि नर्स. ‘आम्ही सुखरूप आहोत,’ एवढा निरोप तिने पाठवला. मग शेजारच्या देशांनी सेनापतींना दम भरला: आठवड्यात राष्ट्राध्यक्षांना परत बसवा. त्यांनी सीमाही बंद केल्या. इग्नेशियसने टीव्हीपुढे मांडीवर थाप मारली.

“शाबास! याला म्हणतात शेजारी. आमच्या वेळी कोण आलं होतं?”

“माझा बा आलता ठाण्याला, डबा घेऊन. तुमचा शेजारीच तो,” त्याची बायको लूर्डस म्हणाली. “खाऊन विसरलात.”

ऑगस्टमध्ये चर्चमधल्या रविवारच्या मिस्सात, म्हणजे सामूहिक उपासनेत, विनंत्या वाचायची पाळी त्यांच्या आळीची होती. इग्नेशियसने स्वतः लिहिलेली विनंती खणखणीत आवाजात वाचली: “नायजरमध्ये लोकशाही परत यावी आणि तोवर शेजारी देशांनी नाकेबंदी जराही सैल करू नये, म्हणून आपण प्रार्थना करू या.”

भरलं देऊळ म्हणालं, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.”

बुधवारी सकाळी प्रिस्काचा फोन आला.

“पप्पा, इथे लाइट नाही. वीज शेजारच्या देशातून यायची, ती तोडलीय. जनरेटरचं डिझेल संपत आलंय. औषधांचा ट्रक सीमेवर अडकलाय.”

“सेनापतींनी अडवला?”

“नाही हो. शेजाऱ्यांनी. लोकशाहीसाठी.”

“अगं, पण त्यांना तर सेनापतींना...”

“सेनापतींच्या घरी दिवे आहेत, पप्पा. काल आमच्याकडे एक बाळ गेलं. सातव्या महिन्यात जन्मलेलं. काचेची पेटी गरमच राहिली नाही.” ती थांबली. “तुम्ही प्रार्थना करताय ना?”

त्याने फोन कानावरून खाली घेतला. लूर्डसने त्याच्या हातातून फोन घेतला. लेकीशी बोलून ती वळली, तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला होता.

“मी मागितलं गं. सगळ्या देवळाकडून म्हणवून घेतलं.”

“तुमच्या सांगण्यावरून सीमा बंद होतात होय? मोठे आले!” ती म्हणाली. पण तीही तिथेच, फरशीवर, त्याच्याजवळ बसली.

शनिवारी त्याने फादर युजीन यांच्यापुढे कागद ठेवला. त्यावर दोनच ओळी होत्या. सेनापतींनी सत्ता सोडावी. शेजाऱ्यांनी वीज आणि औषधं सोडावीत.

फादरनी तो दोनदा वाचला. “इग्नेशियस, दबाव काढला तर सेनापती का हलतील?”

“मला नाही ठाऊक, फादर. चार दिवस तेच डोक्यात आहे.”

“मग काय वाचणार?”

“हेच. दुसरं काय लिहू? तिथे प्रिस्का आहे.”

रविवारी त्याचा आवाज इतका खाली गेला की मागच्या बाकांना काही ऐकू आलं नाही. पुढचे प्रार्थनेचं उत्तर देत होते, तरी मागचे त्याच्याकडे बघत उभे होते.