करपट वासाची भीती

कार्लोवोजवळच्या गुलाबभट्टीवर नेदेल्का स्तोइलोव्हाचं काम एवढंसं होतं, पण तिच्या शब्दाशिवाय तेलाचा थेंब पुढे जात नसे. दुसऱ्यांदा गाळलेलं तेल लांब मानेच्या काचेच्या भांड्यात पाण्यावर तरंगायचं. ते हुंगून तिनं सांगायचं, मोठ्या बरणीत ओता किंवा ओतू नका. तांब्याच्या हंड्यात पाकळ्या उकळताना पाणी कमी पडलं की त्या तळाला लागतात आणि तेलाला करपट वास येतो. असलं एक भांडं बरणीत गेलं की सगळा हंगाम मातीत. एकतीस वर्षांत ती चुकली नव्हती.

जानेवारीत तिला ताप आला. ताप उतरला, पण वास काही परतला नाही. कॉफी नुसतं गरम पाणी लागायची. तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. मे महिना लागला, फुलांची पोती उतरू लागली आणि तिला रोज पहाटे वाटायचं, आज चुकले तर? सगळ्यांसमोर ती भांडं नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि शेजारच्यांचे चेहरे चोरून बघायची.

त्याच हंगामात बिल्याना आली. नव्या जोडप्यांसाठी सुगंधी तेलं बनवायला शिकायचं होतं तिला. पहिल्याच दिवशी तिनं कुपीला नाक लावलं आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसली. मग नेदेल्कानं तिला कागदाच्या पट्टीवर थेंब टेकवून दुरून हुंगायला शिकवलं, अंगाला लावायचं तर चमचाभर बदामतेलात एकच थेंब, असं बजावलं.

"एकानं काय होणार, मावशी?"

"नवरा लाजरा असला तरी एकच. तेल नुसतं लावलं तर आग होते. मग तो जवळ येण्याआधी तूच पळशील."

मग रोज नेदेल्का तिला विचारू लागली, आज कसला वास वाटतोय. पोरीला वाटायचं शिकवणी चाललीये. ती मध म्हणे, ओलं गवत म्हणे, आणि नेदेल्का तेवढ्यावर ओतायला सांगे. एका बुधवारी पोरगी अडखळली.

"भाजलेल्या ढोबळी मिरचीची साल सोलताना वास येतो ना, तसं काहीतरी. माझीच चूक असेल."

नेदेल्कानं भांडं बाजूला ठेवलं. ओतू नका, ती म्हणाली. भट्टीचा मालक दिमो धावत आला. त्यानं हुंगलं, पण सिगारेटी ओढून त्याचं नाक केव्हाच बोथट झालेलं. फुलं सोन्याच्या भावाची, आणि ही नाही म्हणतेय. त्यानं भांडं तिच्यापुढे धरलं.

"नेदेल्काताई, तू सांग. करपलंय?"

तिनं हुंगलं. काहीच नाही. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर त्याहून मोठं खोटं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "जानेवारीपासून मला वास येत नाही. महिनाभर या पोरीचं नाक वापरतेय."

दिमोनं हंडा उपसायला लावला. तळाशी पाकळ्यांचा तळहाताएवढा काळा थर चिकटला होता.

एवढं लपवलंस, दिमो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढण्याऐवजी खाली गेला. मग त्यानं तिच्या गळ्यातली, तेलाची भांडी ठेवायच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि बिल्यानापुढे धरली.

पोरीनं किल्ली घेतली आणि ती नेदेल्काकडे वळली. "मावशी, उद्या मी चुकले तर?"

"रोज पहाटे तसंच वाटेल," नेदेल्का म्हणाली. "मी शेजारी बसेन."